प्रतिनिधी : एका पदवीची वंशावळ



यंदाच्या वसंत व्याख्यानमालेत माझे नाव छापलेले पाहून आपल्यापैकी काहींना वाटले असेल की हा युनियनवाला आता बोनस, फंड आणि महागाई भत्ता यांवर तास-दीड तास बोलणार. आज मी त्यांतले काही बोलणार नाही. माझा विषय आहे एक जुनी सरदारी पदवी : ती कशी जन्मली, बापाकडून मुलाकडे कशी गेली, आणि शेवटी तिचे काय झाले. मी शिकलेला इतिहासकार नव्हे. दहावीची वेस ओलांडायच्या आतच मी साखर कारखान्याच्या गव्हाणीवर उभा राहिलो आणि पुढचे सगळे वाचन रात्रपाळीच्या मधल्या वेळेत व नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वानांनी माझ्या चुका पदरात घ्याव्यात.

हा विषय मला सुचला तो एका शब्दावरून. आमच्या धंद्यात 'प्रतिनिधी' हा शब्द दिवसातून शंभर वेळा उच्चारला जातो. खात्याचा प्रतिनिधी, पाळीचा प्रतिनिधी, कामगार प्रतिनिधी. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यात तर 'प्रातिनिधिक संघटना' असा शब्दच घातलेला आहे. सभासदांची संख्या दाखवा आणि मग कामगारांच्या वतीने बोला, असा त्याचा सरळ अर्थ. हाच शब्द आपल्या कऱ्हाड-मलकापूरच्या भूमीत अडीचशे वर्षे एका घराण्याची पदवी म्हणून नांदला. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या संगमाकडे गेलात की 'पंताचा कोट' लागतो. आत नकट्या रावळाची ती प्रचंड पायऱ्यांची विहीर आहे. कोटातला हा पंत म्हणजे पंतप्रतिनिधी.

आणखी एक गंमत सांगतो. आपल्याकडे येणारी पत्रे कधी कधी चुकून दुसऱ्या मलकापूरला जातात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडी तालुक्यातले ते मलकापूर. ते गाव विशाळगडच्या जहागिरीचे ठाणे होते, आणि त्या जहागिरीचे धनीही प्रतिनिधीच. म्हणजे एक मलकापूर पंतांच्या कोटाच्या सावलीत आणि दुसरे त्याच घराण्याच्या दुसऱ्या शाखेची राजधानी. एका पदवीचे दोन धनी कसे झाले, हे पुढे येईलच.

विलायतेतील रीत

पदव्यांच्या वारशाची गोष्ट निघाली की लोकांना पहिल्याने इंग्लंड आठवते. म्हणून तिथली रीत आधी थोडक्यात पाहू; तुलनेला बरी पडेल. इंग्लंडात ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन अशी उमरावांची पाच पायऱ्यांची उतरंड आहे. या पदव्या दोन वाटांनी जन्माला आल्या. जुन्या काळी राजा एखाद्या जमीनदाराला पार्लमेंटात हजर राहण्याचे आज्ञापत्र पाठवी. त्यातूनच पुढे पदवी झाली असे मानले गेले. नंतरच्या काळात राजा शिक्कामोर्तब केलेली सनद देऊ लागला, आणि पदवी कोणाकडे जाईल हे त्या सनदेतच लिहिले जाऊ लागले. बहुधा मजकूर असा की औरस पुरुष वंशजांकडे, थोरल्याच्या मागून थोरला.

आज्ञापत्राच्या जुन्या पदव्यांचा नियम निराळा. त्या मुलीकडेही जातात. मात्र मुलगा नसून दोन किंवा अधिक मुली असल्या, तर थोरली-धाकटी असा भेद न करता सगळ्यांचा हक्क सारखा धरतात. आणि पदवीचे तुकडे करता येत नाहीत म्हणून ती कोणालाच मिळत नाही. ती अधांतरी लोंबकळत राहते. एकच वारस उरेपर्यंत किंवा राजा एकीच्या बाजूने निर्णय देईपर्यंत ती पदवी झोपलेली असते. इंग्लंडातील सर्वांत मानाची जुनी बॅरनी 'डी रॉस' हिची. तिचा उगम १२६४ सालच्या आज्ञापत्रापाशी नेतात. ती अशी अनेकदा झोपली आणि अनेकदा जागी झाली, आणि तिच्या धन्यांत स्त्रियाही होऊन गेल्या.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की विलायती पदवीला दत्तक चालत नाही. रक्त पाहिजे, आणि तेही औरस. आपल्याकडे मात्र दत्तकविधान झाले, होम झाला, की मुलगा त्या घरचा झाला. या एका फरकाने आपल्या इतिहासात केवढा अनर्थ घडवला तेही पुढे पाहू.

पगारी प्रधान

आता आपल्या घरी येऊ. १६७४ मध्ये शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि अष्टप्रधानांची पदे मुक्रर झाली. पेशवा, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. या आठांत 'प्रतिनिधी' नाही, हे लक्षात ठेवा. दुसरी गोष्ट त्याहून मोलाची. हे प्रधान पगारी होते. पेशव्याला सालीना पंधरा हजार होन, अमात्याला बारा हजार, इतरांना दहा हजार. पद बापाचे म्हणून मुलाला, असा नियम नव्हता. महाराजांचा कटाक्ष असा की चाकरी करणाऱ्याला रोख मोबदला द्यावा, मुलूख तोडून देऊ नये. कारण मुलूख मिळालेला माणूस उद्या रयतेचा धनी होऊन बसतो. तीन शतकांपूर्वीच्या राजाने चाकरी आणि मालकी यांत असा भेद केला, याचे माझ्यासारख्या पगारी माणसाला फार कौतुक वाटते.

मग हा नियम मोडला कसा? खजिना रिकामा झाला म्हणून. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड पडला आणि राजाराम महाराज जिवावर उदार होऊन दक्षिणेत जिंजीला गेले. राजा एका टोकाला आणि मुलूख दुसऱ्या टोकाला, अशी अवस्था. दरबार तर चालला पाहिजे, हुकूम तर सुटले पाहिजेत. तेव्हा राजाच्या वतीने निर्णय घेणारा माणूस म्हणून 'प्रतिनिधी' हे नवे पद काढण्यात आले आणि ते न्यायाधीश निराजी रावजींचे पुत्र प्रल्हाद निराजी यांना दिले गेले. पदाचा मान अष्टप्रधानांच्या वरचा. प्रल्हाद निराजी १६९४ च्या सुमारास जिंजीकडेच वारले.

त्याच काळात औरंगजेब मराठा सरदारांना वतनांची आमिषे दाखवीत होता. पगार द्यायला पैसा नाही आणि शत्रू वतन देतो म्हणतो; अशा कात्रीत सापडल्यामुळे राजाराम महाराजांनाही वतने व इनामे यांची वचने द्यावी लागली. जो मुलूख जिंकाल तो तुम्हाला, असे म्हटल्यावाचून लढायला माणूस मिळेना. त्या वचनांनी राज्य तगले, हेही खरे. पण पगाराची जागा जमिनीने घेतली ती त्या अडचणीत, आणि मग ती परत फिरली नाही. संकटात दिलेली सवलत पुढे हक्क होऊन बसते, याचा अनुभव करारमदार करणाऱ्या प्रत्येकाला आहे.

किन्हईचे कुलकर्णी

सतराव्या शतकाच्या अखेरीस हे पद परशुराम त्र्यंबक यांच्याकडे आले. हे मूळचे कोरेगावकडच्या किन्हई गावचे कुलकर्णी. रामचंद्रपंत अमात्यांच्या हाताखाली तयार झालेला हा लेखणीचा माणूस तलवारीलाही तितकाच खंबीर निघाला. १६९२ मध्ये पन्हाळा मोगलांकडून परत घेण्यात त्यांचा मोठा हात होता. औरंगजेबाने घेतलेला सातारचा किल्लाही पुढे परत आला तो त्यांच्याच कारकिर्दीत. म्हणजे पहिल्या पिढीत ही पदवी कमावलेली होती, यात शंका नाही.

परंतु १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि गादी कोणाची असा वाद उभा राहिला. परशुरामपंत ताराबाईंच्या बाजूला राहिले. शाहूंनी सातारा घेतला, पंत कैदेत पडले आणि पद प्रल्हाद निराजींच्या घरी परत गेले. थोड्याच काळात पंतांची सुटका झाली आणि पद पुन्हा त्यांना मिळाले. इतक्यात त्यांचा थोरला मुलगा कृष्णाजी विशाळगडाकडे गेला आणि कोल्हापूरच्या गादीला जाऊन मिळाला. कोल्हापूरकरांनी त्याला आपला प्रतिनिधी केले. मुलाने बंड केले म्हणून बाप पुन्हा कैदेत! १७१३ च्या सुमारास त्यांना पद तिसऱ्यांदा मिळाले ते १७१८ मध्ये ते वारले तोपर्यंत टिकले.

तर अशा रीतीने एक पदवी दोन झाली. सातारच्या राजाचा प्रतिनिधी धाकट्या मुलाच्या वंशात राहिला. कऱ्हाड आणि पुढे औंध ही त्याची ठिकाणे. कोल्हापूरच्या राजाचा प्रतिनिधी थोरल्याच्या वंशात गेला; विशाळगड आणि पुढे ते दुसरे मलकापूर हे त्याचे ठिकाण. विलायतेत असे घडते तर थोरला-धाकटा यावरून उमरावांच्या सभेत कागदांचे ढीग लागले असते. आपल्याकडे दोन राजे झाले, म्हणून दोन प्रतिनिधी झाले. शब्दाचा अर्थ पाहिला तर हेच बरोबर आहे. ज्याचा प्रतिनिधी, त्याच्यावाचून प्रतिनिधीला स्वतंत्र अस्तित्व कुठले?

पद घरात कसे शिरते

परशुरामपंतांच्या मागे त्यांचे पुत्र श्रीनिवासराव ऊर्फ श्रीपतराव प्रतिनिधी झाले. शाहू दरबारात पहिल्या बाजीरावांशी त्यांचे मतभेद इतिहासात प्रसिद्ध आहेत. १७३३ मध्ये रायगड सिद्दीकडून परत आला तो त्यांच्याच फौजेच्या हातून. १७४६ मध्ये ते वारले आणि पद भाऊ जगजीवनपंत यांच्याकडे गेले. तोवर ही गोष्ट कोणाला वावगी वाटेनाशी झाली होती. बाप प्रतिनिधी, मुलगा प्रतिनिधी, भाऊ प्रतिनिधी.

पद घरात शिरते कसे, याची यंत्रणा समजून घेण्यासारखी आहे. त्या काळी उत्पन्नाचे तीन प्रकार होते. गावची सेवा करणाऱ्या पाटील-कुलकर्ण्याला मिळे ते वतन, आणि ते वंशपरंपरेचे. देवस्थानाला वा विद्वानाला दिलेले ते इनाम. आणि फौज बाळगून चाकरी करणाऱ्या सरदाराला एखाद्या मुलखाचा वसूल तोडून दिला जाई, तो सरंजाम. सरंजाम हा तत्त्वतः चाकरीपुरता. धनी मेला की तो सरकारात जमा व्हायचा आणि मुलाने नजर भरून नवी सनद घ्यायची. पण व्यवहारात काय होई? फौज त्या घरच्या पागेत, कारकून त्या घरच्या दफ्तरात, सावकाराचे कर्ज त्या घरच्या नावावर. दुसऱ्याला पद द्यायचे तर हा सगळा पसारा उखडावा लागणार. त्यापेक्षा नजर घ्यावी आणि मुलाला वस्त्रे द्यावीत, हे राजाला सोपे पडे. सोपे पडते म्हणून केलेली गोष्ट तीनदा झाली की तिला रिवाज म्हणतात, आणि रिवाजाशी भांडणारा मग बंडखोर ठरतो.

मुलगा अजाण किंवा नाकर्ता निघाला तर? त्यावरही तोड होती. तिचे नाव मुतालिक. मुतालिक म्हणजे पदाच्या धन्याच्या वतीने प्रत्यक्ष काम करणारा. पद एकाचे, शिक्का एकाचा, आणि काम दुसऱ्याचे. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी काम करणारा. त्याचा मुतालिक म्हणजे प्रतिनिधीच्या जागी काम करणारा! जगजीवनपंतांचा मुतालिक यमाजी शिवदेव याने १७५० मध्ये सांगोल्यास पेशव्यांविरुद्ध बंडाचे निशाण उभारले. ते मोडले, आणि तिथून प्रतिनिधींचा खरा जोर ओसरला. राजा साताऱ्यात नावापुरता, सत्ता पुण्यात पेशव्यांकडे. राजाच नावाचा उरल्यावर त्याचा प्रतिनिधी किती कामाचा?

यानंतर पदवीची जी विटंबना झाली ती पाहा. १७६२ मध्ये राघोबादादांनी माधवराव पेशव्यांवर वरचढ होताच भवानराव प्रतिनिधींचे पद काढून घेतले आणि दिले कोणाला, तर आपल्या तान्ह्या मुलाला, भास्कररावाला. काम पाहायला मुतालिक म्हणून नारो शंकर. राज्यातले सर्वांत मानाचे पद दूधपित्या पोराच्या नावे! दुखावलेले भवानराव निजामाकडे गेले. पुढच्या वर्षी ते परत आले आणि पद त्यांना मिळाले. १७७७ मध्ये भवानराव वारले, आणि त्याच सुमारास जन्मलेले त्यांचे पुत्र परशुराम श्रीनिवास पाळण्यातच प्रतिनिधी झाले. भास्कररावाची नेमणूक हा जुलूम वाटला आणि परशुरामाची हा हक्क वाटला. दोन्ही वेळा पद मात्र पाळण्यातच होते.

हे परशुराम श्रीनिवास म्हणजे आपल्या भागातले 'थोटेपंत'. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात घरच्यांशीच त्यांचे बिनसले आणि ते म्हसवडला अटकेत पडले. त्यांना सोडवले ते ताई तेलिणीने. पुढे १८०६ मध्ये वसंतगडाजवळ, म्हणजे इथून हाकेच्या अंतरावर, पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांनी पंतांचा पराभव केला. त्या लढाईत पंतांचा हात गेला, म्हणून थोटेपंत. धनी कैद झाला तरी ताई तेलिणीने वासोट्याचा किल्ला कित्येक महिने लढवला. आता विचार करा. पदवी पंतांची, सनद पंतांची, आणि शेवटच्या किल्ल्यावर उभी राहिली ती घाणा चालवणाऱ्यांच्या जातीतली एक बाई. वंशावळीत तिला जागा नाही. लोकांच्या तोंडी मात्र तिचे नाव अजून आहे.

दत्तकाचा प्रश्न

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. इंग्रजांनी सातारच्या छत्रपतींना लहानसे राज्य दिले आणि १८२० मध्ये प्रतिनिधी व इतर जहागीरदारांशी करार करून त्यांना सातारच्या छत्राखाली ठेवले. १८४८ च्या एप्रिलमध्ये सातारचे शहाजीराजे ऊर्फ आप्पासाहेब निपुत्रिक वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. धर्मशास्त्राप्रमाणे तो पुरा वारस. पण लॉर्ड डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. मघाशी मी विलायती पदवीला दत्तक चालत नाही असे म्हटले. डलहौसीला मुख्यतः मुलूख हवा होता, हे उघड आहे. परंतु ज्या देशात दत्तकाला पदवीचा हक्क नाही, त्या देशातल्या माणसाला आपला दत्तक हा पोकळ विधी वाटला असल्यास नवल नाही.

मौज अशी की त्याच वर्षी थोटेपंतही वारले, पण त्यांची गादी चालू राहिली. राजा गेला आणि राजाचा प्रतिनिधी मागे उरला! औंध, फलटण, भोर, जत, अक्कलकोट या 'सातारा जहागिरी' इंग्रजांच्या थेट देखरेखीखाली गेल्या. १८५७ च्या उठावाने इंग्रजांना शहाणपण आले आणि १८६२ च्या सुमारास लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या. थोरल्याकडे गादी आणि औरस नसल्यास दत्तक, असा नियम आता कागदावर पक्का झाला. मुतालिक, नजर, वस्त्रे हे सारे मागे पडले आणि त्यांच्या जागी पोलिटिकल एजंटाचा शेरा आला. त्या शेऱ्याचा जोर १९०९ मध्ये दिसला. कारभाऱ्याच्या खुनाच्या प्रयत्नाच्या प्रकरणात गोपाळकृष्णराव यांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले आणि त्यांचे चुलते भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब यांना बसवले. वारसा नेहमी खाली वाहतो. इथे तो पुतण्याकडून चुलत्याकडे, उलटा वर गेला.

शेवटचा प्रतिनिधी

बाळासाहेब पंतप्रतिनिधींबद्दल मी युनियनचा माणूस असूनही आदरानेच बोलणार. सुमारे पाचशे चौरस मैलांचे, सत्तर-बहात्तर गावांचे, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेले राज्य. सूर्यनमस्काराचा प्रसार, चित्रकला, औंधचे संग्रहालय, भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या संशोधित आवृत्तीला साहाय्य, ही त्यांची कामे आपल्याला माहीत आहेत. १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा देऊन लोखंडी नांगराचा कारखाना उभा करू देणारे हेच. त्या निवडुंगाच्या माळावर आपल्या भागातला पहिला कारखाना-कामगार तयार झाला. आटपाडीजवळ १९३९ मध्ये स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत निघाली, तीही याच राज्यात.

परंतु आजच्या विषयाशी संबंध आहे तो एका गोष्टीचा. १९३८ च्या अखेरीस बाळासाहेबांनी आपली सत्ता प्रजेला देण्याचे जाहीर केले. त्यांचे पुत्र आप्पासाहेब आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडमधून आलेले इंजिनियर यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन घटना तयार केली, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती लागू झाली. गावची पंचायत गावाने निवडायची, पंचायतींतून तालुका सभा, त्यातून वरची सभा. मतदान साक्षरांना ठेवले होते, ते गांधीजींच्या सूचनेवरून. त्यामुळे गावोगाव प्रौढ माणसे पाटी घेऊन बसली. साक्षरतेची ही अट मला स्वतःला पटत नाही. ज्याला घाम गाळता येतो त्याला मत असलेच पाहिजे. पण राजाने राजेपण खाली ठेवले, हे मोठेच. अडीचशे वर्षांपूर्वी राजाच्या वतीने बोलणारा माणूस म्हणून जे पद निघाले, त्या पदाच्या शेवटच्या धन्याने रयतेला आपले प्रतिनिधी निवडायला सांगितले. शब्द पुन्हा आपल्या अर्थाला आला.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. १९५१ मध्ये बाळासाहेब वारले. आप्पासाहेब पंत आधीच पूर्व आफ्रिकेत हिंदुस्थानचे कमिशनर म्हणून गेले होते. पुढे इंडोनेशिया, इजिप्त, इंग्लंड, इटली अशा देशांत त्यांनी काम केले. म्हणजे प्रतिनिधींच्या घरचा मुलगा पुन्हा प्रतिनिधीच झाला, पण या वेळी प्रजासत्ताकाचा, आणि तोही नेमणुकीच्या कागदावर. त्या कागदाला मुदत होती. मुदत संपली की दुसरा माणूस, हा त्यातला खरा बदल.

१९५० च्या राज्यघटनेच्या अठराव्या कलमाने सरकारने नव्या पदव्या देण्याला बंदी घातली. मुंबई राज्यात त्याच दशकात सरंजाम, इनामे आणि कुलकर्णी वतने खालसा झाली, १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटीलकी गेली. राजांची मान्यता आणि तनखे १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने बंद झाले. आता कोणी घरात पदवी लावत असेल तर ती आडनावासारखी. तिच्यामागे ना वसूल, ना हुकूम.

पदवी नको म्हणणारा

विलायतेत मात्र पदव्या कायद्याने अजून आहेत. तिथली एक गोष्ट सांगून मग मी घरच्या गोष्टीकडे येतो. टोनी बेन हे मजूर पक्षाचे पार्लमेंटातील सभासद, ब्रिस्टलच्या मतदारांनी निवडलेले. त्यांच्या वडिलांना १९४२ मध्ये व्हायकाउंट ही पदवी मिळाली होती. १९६० मध्ये वडील वारले आणि त्या क्षणी मुलगा आपोआप उमराव झाला. उमरावाला तेव्हा लोकसभेत बसता येत नसे, म्हणून निवडून आलेली जागा गेली. बेन पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि जिंकले, तरी कोर्टाने जागा हरलेल्या उमेदवाराला दिली! ते झगडत राहिले. अखेर १९६३ मध्ये वारशाने आलेली पदवी सोडून देण्याचा कायदा झाला, पहिल्याच दिवशी बेन यांनी पदवी टाकली आणि मतदारांनी त्यांना परत निवडून दिले. १९९९ मध्ये तर बहुतेक वंशपरंपरागत उमरावांची वरिष्ठ सभागृहातील जागाच गेली. उरले ते ब्याण्णव. जन्माने मिळालेले प्रतिनिधित्व टाकल्याशिवाय मताने मिळालेले टिकत नाही, हे बेन यांनी तीन वर्षे झगडून दाखवले.

घरची गोष्ट

आता घरची. काही वर्षांपूर्वी आमच्या एका युनियनचे सरचिटणीस वारले. वीस वर्षे त्या माणसाने पायाला भिंगरी बांधून काम केले. तेराव्याला जमलेल्या सभासदांनी एकमुखाने म्हटले, आता पोरालाच करा. मीही त्यांतलाच. मतदान नको, मतदानाने वहिनींच्या मनाला लागेल, असे म्हणणारा मीच होतो. मुलगा गुणी, शांत; पण त्याला ना करार वाचण्याची सवय, ना साहेबाच्या टेबलावर मूठ आपटण्याची. त्याच्या सह्या घेऊन सगळे काम एक जुना कारकून पाहू लागला. वार्षिक विवरणपत्र वेळेवर गेले नाही. मागणीपत्राची मुदत टळली. हंगामी कामगारांच्या फरकाची रक्कम वर्षभर लांबली, आणि त्या वर्षात दोघांनी मुलींची लग्ने व्याजाच्या पैशाने केली. मला त्यांची घरे माहीत आहेत.

शेवटी तो मुलगाच एके रात्री माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, आबांचे मला सगळे मिळाले, पण सभासदांचा विश्वास मिळाला नाही. तो त्यांनी आबांना दिला होता. निवडणूक लावा." आम्ही लावली. गव्हाणीवरची एक पोक्त बाई खजिनदार झाली आणि बॉयलरवरचा एक फिटर सरचिटणीस. तो मुलगा आज आमच्याकडे हिशेब तपासतो आणि फार चांगले काम करतो.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की आम्ही काय केले होते. सोपे पडते म्हणून वस्त्रे दिली होती आणि कारकुनाला मुतालिक नेमले होते. इतिहासातल्या सरदारांना नावे ठेवणे सोपे. तोच इतिहास आम्ही तेराव्याच्या पंगतीत बसून पुन्हा लिहिला.

माणसाचे घर, जमीन, भांडीकुंडी त्याच्या मुलांना जावीत, मुलींनाही सारखी जावीत; १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने आणि २००५ च्या दुरुस्तीने ते मान्य केले आहे. कला जावी, संस्कार जावेत, नाव जावे. एवढेच आहे की दुसऱ्याने टाकलेला विश्वास ही आपली मिळकत नसते. ती ठेव असते. ठेव ज्याची त्याला परत करायची, आणि त्याने पुन्हा दिली तरच ठेवून घ्यायची.

आपल्याकडे पतसंस्था आहेत, दूधसंघ आहेत, शाळांची मंडळे आहेत, मलकापूरची नगरपालिका आहे. पुढच्या निवडणुकीत कोणी तुमच्या दारी आला आणि 'मी अमक्याचा मुलगा' म्हणाला, तर त्याला चहा द्या, वडिलांची आठवण काढा, त्यांचे गुण मोकळेपणाने गा. आणि चहा पिऊन झाल्यावर विचारा, बाबा रे, तू स्वतः काय केलेस? पंताच्या कोटातल्या त्या विहिरीच्या पायऱ्या उतरताना प्रत्येक पिढीला आपल्याच पायांनी उतरावे लागते. बापाने उतरलेल्या पायऱ्या मुलाच्या हिशेबात धरत नाहीत.